खाण बंद पडली तर तुमचा धंदा चालेल का?



मागच्या महिन्यात आमच्या बॅचमध्ये एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "सर, गोव्यात मायनिंग परत सुरू होतंय. सेकंडहँड टिपर मिळतोय, डाऊन पेमेंटपुरते पैसे जमलेत. घेऊ का?"

मी म्हटलं, "घेऊ नको." व्हिडिओमध्येही एवढंच बोललो आणि पुढच्या विषयाकडे वळलो. नंतर वाटलं, हे बरोबर नाही. कोणी स्वतःची जमवलेली पुंजी समोर ठेवून विचारत असेल तर त्याला कारण कळायला हवं. कारण तीन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. यात थोडं माझ्या घरातलं आहे, थोडं माझ्या दुकानातलं आहे, आणि शेवटी तुमच्यासाठी एक हिशोब आहे.

आमच्या घरातले टिपर

आमच्या सिंधुदुर्गाला गोव्याची हद्द लागून आहे. दोडामार्ग ओलांडलं की डिचोली तालुका. डिचोली, सत्तरी, सांगे हा सगळा लोहखनिजाचा पट्टा. माझे मामा तिकडचे. २०११ साली मी बीबीएच्या शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा मामांनी दोन टिपर घेतले. त्या काळात चीनची मागणी प्रचंड होती. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. खाणीतून जेटीपर्यंत टिपर, जेटीवरून मांडवी-झुआरीतून बार्ज, आणि पुढे मुरगावला जहाज. रस्त्यावर टिपरची रांग संपत नव्हती. ज्याच्याकडे गाडी त्याच्याकडे पैसा, असं चित्र होतं.

मामा मला म्हणाले होते, "भाच्या, दोन वर्सात लोन फिटता. मगे सगळो फायदोच."

कर्जाला जामीनदार माझे वडील होते.

पहिला सीझन उत्तम गेला. पावसाळ्यात वाहतूक बंद असते, म्हणून त्या चार महिन्यांचे हप्ते मामांनी साठवलेल्या पैशातून भरले. दोन गाड्यांचा मिळून हप्ता ९० हजारांच्या आसपास होता. सगळे ऑक्टोबरची वाट बघत होते. आणि सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला. १० सप्टेंबरला गोवा सरकारने खाणकाम थांबवलं. ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाचाही आदेश आला. सीझन उघडलाच नाही.

२०१४ मध्ये कोर्टाने सांगितलं की खाणींचे लीज २००७ मध्येच संपले होते, त्यानंतरचं खाणकाम बेकायदा होतं. वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून काम परत सुरू करायला वाट दिली. तोपर्यंत लोखंडाच्या खनिजाचा जागतिक भाव खाली आलेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकरण केलेले ८८ लीज रद्द झाले आणि मार्चमध्ये परत सगळं ठप्प. आता लिलाव होऊन काही ब्लॉक सुरू झालेत, त्यावरूनच तो मुलगा प्रश्न विचारत होता.

मामांच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. टायर तिथेच बसले. एक गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली, दुसरी मिळेल त्या किमतीला विकली. जामीनदार म्हणून आमच्या वडिलांनी माझ्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडली. मी एमबीए केलं नाही, त्याचं हे खरं कारण आहे. आजवर कुठल्याही व्हिडिओत सांगितलं नव्हतं.

आता धंद्याच्या भाषेत बघा. मामांनी चूक काय केली? ते कष्टाळू होते, गाडी उत्तम ठेवायचे, हिशोबात चोख होते. पण त्यांच्या धंद्याला कस्टमर एकच होता, माल एकच होता, आणि तो माल जमिनीतून खोदून निघत होता. किती खोदायचं, कधी थांबायचं, कोणत्या भावाने विकायचं, यातलं काहीही त्यांच्या हातात नव्हतं. हप्ता मात्र त्यांच्या नावावर होता.

नुकसान फक्त हप्त्याचं नव्हतं

बरेच जण म्हणतात, कोर्टाने आणि पर्यावरणवाल्यांनी लोकांच्या पोटावर पाय आणला. मी पण कॉलेजात असताना हेच बोलायचो. मग मामांच्या शेजारच्या गावातली शेतं जाऊन बघितली.

गोव्यात १ टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. तो टाकायचा कुठे? डोंगरासारखे ढीग उभे राहतात. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पहिल्या जोराच्या सरीत ती लाल माती ओहोळात, ओहोळातून भातशेतीत. शेतात एकदा ती गाळाची पापडी बसली की रोप धरत नाही. खाण खोल गेली की भूजलाच्या पातळीच्या खाली जाते. खाणीत पाणी भरतं, ते पंपाने उपसून बाहेर फेकावं लागतं. खाणीतलं पाणी उपसलं की आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरते. आणि टिपर ज्या रस्त्याने जातात तिथे घरांवर, झाडांवर, माणसांच्या छातीत धूळ.

आणि हे फक्त गोव्याचं नाही. जुलै २०२१ मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यात कळणे इथे खाणीतलं पाणी फुटलं आणि चिखलाचा लोंढा खालच्या बागायतीत, घरांत घुसला. ज्यांची माड-पोफळीची बाग गेली, त्यांचाही तो धंदाच होता ना? नारळ, सुपारी, काजू. तो धंदा पिढ्यानपिढ्या चालत होता, कुठल्याही लीजशिवाय.

म्हणजे एक धंदा चालण्यासाठी बाजूचे दहा धंदे आतून पोखरले जातात. आणि पहिला धंदा बंद पडतो तेव्हा ते दहा परत उभे राहत नाहीत.

माझ्या गल्ल्यातले पैसे

आता माझी गोष्ट. नाहीतर तुम्ही म्हणाल, सर दुसऱ्यांच्याच चुका दाखवतात.

माझं दुकान पंप आणि मोटरचं. विक्री, दुरुस्ती आणि रिवाइंडिंग. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी विक्रीच्या मागे होतो. एका उन्हाळ्यात लक्षात आलं की एका ठरावीक भागातून जास्त एचपीच्या पंपांची मागणी वाढतेय. पूर्वी ज्यांना अर्धा एचपी पुरायचा ते एक मागतायत, एकवाले दीड-दोन मागतायत. मी खूश. कंपनीचं टार्गेट पूर्ण झालं.

एक आजी जुना पंप रिक्षात घालून घेऊन आल्या. मी नवीन मोठा पंप दाखवायला लागलो. त्या म्हणाल्या, "बाबा, नवीन नको माका, हीच बरी करून दी. बावडेतच पाणी नाय, तर मोठो पंप काय पाणी निर्माण करतलो?"

विचारलं तेव्हा कळलं, त्यांच्या वाडीच्या वरच्या अंगाला खोदकाम सुरू होतं. विहिरी उतरल्या होत्या, म्हणून लोक मोठे पंप घेत होते. मोठा पंप उरलंसुरलं पाणी लवकर ओढणार, मग शेजाऱ्याची विहीर अजून उतरणार, मग शेजारी माझ्याकडे येणार. माझं टार्गेट कोणाच्या कोरड्या विहिरीवर पूर्ण होत होतं, ते मला त्या दिवशी समजलं. आणि शुद्ध व्यवहार म्हणून बघितलं तरी, विहीर पूर्ण आटली की तो कस्टमर माझ्याकडे कधीच येणार नव्हता.

त्या दिवसापासून मी दुकानाचा हिशोब वेगळा मांडायला लागलो.

एका मोटरमागचा डोंगर

मी विकतो त्या मोटरमध्येही तांबं आहे, लोखंड आहे. मी खाणीच्या विरोधात उभा राहून स्वतःला स्वच्छ म्हणवू शकत नाही. म्हणून आकडे बघू.

जगातल्या बऱ्याच मोठ्या खाणींत खनिजामध्ये तांबं १ टक्क्याहूनही कमी असतं. समजा ०.६ टक्के धरलं, तर १ किलो तांब्यासाठी १६५ किलोच्या वर खनिज काढून दळावं लागतं. वरची माती-दगड वेगळी. छोट्या मोटरच्या वाइंडिंगमध्ये किलोभर तांबं धरा. म्हणजे कोणी जळालेली मोटर भंगारात टाकून नवीन घेतो, तेव्हा कुठेतरी डोंगराचा एवढा तुकडा खाली येतो. वर बॉडीचं बीड, स्टॅम्पिंगचं स्टील, शाफ्ट हे सगळं वेगळं.

चांगली बातमी ही की तांबं कितीही वेळा वितळवा, त्याचा गुण कमी होत नाही. रिवाइंडिंग करताना जुनं तांबं भंगारातून परत वितळायला जातं, आणि बॉडी, स्टॅम्पिंग, शाफ्ट जागेवरच राहतात. ॲल्युमिनियमचं तर असं आहे की भंगारातून परत बनवायला खनिजातून बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. भंगारवाल्याकडे आपण नाक मुरडून बघतो, पण तो खरं तर एक खाणच चालवतोय. फक्त त्याची खाण डोंगर पोखरत नाही.

एक कबुली. आम्हीही आधी दुकानामागे जुनी वाइंडिंग जाळून तांबं काढायचो. त्या धुराने कारागीर खोकायचे, शेजारी ओरडायचे. शिवाय स्टेटर जास्त तापला की स्टॅम्पिंगमधलं इन्सुलेशन खराब होतं आणि मोटर नंतर जास्त करंट खाते. आता आम्ही एका बाजूची वाइंडिंग छिन्नीने कापतो आणि दुसऱ्या बाजूने ओढून काढतो. वेळ जास्त लागतो, काम चांगलं होतं.

यात पैसा आहे का?

तुमचा खरा प्रश्न हाच, आणि तो योग्य आहे. हे माझ्या दुकानातले, समजायला गोल केलेले आकडे.

नवीन पंप: दुकानात साधारण ४ लाखांचा स्टॉक ठेवावा लागतो. महिन्याला २० पंप गेले, एका पंपामागे डिस्काउंट वगैरे जाऊन ८०० रुपये राहिले, तर १६ हजार. म्हणजे अडकलेल्या पैशावर महिन्याला ४ टक्के.

दुरुस्ती: वायर, बेअरिंग, सील, कॅपॅसिटर मिळून ५० हजारांचा स्टॉक. महिन्याला ३० कामं, कारागिराचा पगार धरून एका कामामागे ५०० राहिले, तर १५ हजार. म्हणजे अडकलेल्या पैशावर ३० टक्के.

नगामागे नफा कमी, पण गुंतवलेल्या रुपयामागे नफा साडेसात पट. बीबीएच्या पुस्तकात इन्व्हेंटरी टर्नओव्हर शिकलो होतो, समजलं ते दुकानात बसून. आणि नवीन पंप घेणारा माणूस परत सात-आठ वर्षांनी दिसतो. दुरुस्तीवाला दरवर्षी येतो, सोबत शेजाऱ्याला घेऊन येतो.

नवउद्योजकांना मी म्हणूनच सांगतो: कमी भांडवल असेल तर खोदून आलेल्या नव्या मालाचा ढीग विकत बसण्यापेक्षा, आधीच खोदून झालेल्या मालाचं आयुष्य वाढवणारा धंदा बघा. चार दिशा देतो.

१. जळाल्यावर दुरुस्ती नको, जळूच न देणं. मोटर जळते कशाने? कमी व्होल्टेज, कोरडी चालणं, जाम झालेलं बेअरिंग, चुकीचा कॅपॅसिटर. पाणी संपल्यावर पंप आपोआप बंद करणारं पॅनल, चांगला स्टार्टर, उन्हाळ्याआधी एक तपासणी. यावर वार्षिक मेंटेनन्सचा करार घ्या. हे पैसे पावसाळ्यातही येतात.

२. योग्य मापाचं विका. विहिरीची खोली, पाइपचा व्यास, टाकीची उंची विचारल्याशिवाय एचपी सांगू नका. एकमध्ये भागतं तिथे दोन विकलात, तर कस्टमरचं वीजबिल वाढतं आणि तो तुम्हाला शिव्या घालतो.

३. वीज वाचवणारा माल. साधा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी ३५ च्या आसपास. रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस चालला तर एका पंख्यामागे १४४ युनिट वाचतात. देशातली बहुतांश वीज कोळशावर होते आणि एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला १०० किलो कोळसा. चंद्रपूरच्या खाणीतून तो निघायचा थांबतो. कस्टमरला कोळसा सांगू नका, त्याला वीजबिल सांगा. कोळसा तुम्ही लक्षात ठेवा.

४. भाड्याने द्या. ड्रिल मशीन, कॉंक्रीट व्हायब्रेटर, गवत कापायचं मशीन. वाडीत दहा घरांत दहा मशीन धूळ खात पडण्यापेक्षा एक मशीन दहा घरांत फिरलं तर नऊ मशीनचं लोखंड आणि तांबं वाचतं, आणि भाडं तुमच्या खिशात येतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. प्रत्येक जुनी वस्तू जगवणं शहाणपणाचं नसतं. दोनदा रिवाइंड झालेली, दिवसभर चालणारी मोटर तिसऱ्यांदा जळाली तर मी स्वतः सांगतो, आता नवीन चांगल्या रेटिंगची घ्या. नाहीतर तांबं वाचवून कोळसा जाळाल.

"मग रोजगाराचं काय?"

हा प्रश्न मामाच विचारतात. ते म्हणतात, "तू पंपावर पोट भरतोस, डिचोलीतल्या शेकडो पोरांनी काय करायचं?"

त्यांचा राग खरा आहे. सगळ्या खाणी उद्या बंद करा, असं माझं म्हणणं नाही. मोटरला तांबं लागणार, घराला सळई लागणार. माझं म्हणणं एवढंच की जे एकदाच निघतं ते मोजून काढा, आणि त्यातला पैसा ते संपल्यानंतरच्या दिवसांसाठी बाजूला ठेवा. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये गोव्यात विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितलं, त्यामागे हाच विचार आहे. डोंगर हे भांडवल आहे. भांडवल खाऊन जगणाऱ्या दुकानदाराला आपण हुशार म्हणत नाही, मग गावाला का म्हणायचं?

तुम्ही खाणपट्ट्यातले असाल तर एक काम करा. २०१५ च्या कायद्यातल्या बदलानंतर खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. त्यातला पैसा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण यांबरोबर कौशल्य विकासासाठीही वापरायचा असतो. ग्रामसभेत उठून विचारा, आपल्या गावाला किती आला आणि कशावर गेला. मोटर दुरुस्तीचा कोर्स, सोलर फिटिंगचा कोर्स त्यातून मागा. तो तुमच्या डोंगराचा पैसा आहे.

त्या मुलाला माझं उत्तर

मित्रा, तू टिपर घेऊ नको. घ्यायचाच असेल तर आधी कागद घे आणि तीन ओळी लिही. पहिली: खाण सहा महिने बंद राहिली तर हप्ता कुठून भरणार? दुसरी: खाणीशिवाय ही गाडी दुसरं कोणतं काम मिळवू शकते, आणि ते काम आज खरंच उपलब्ध आहे का? तिसरी: तुझा जामीनदार कोण आहे, आणि त्याच्या घरात कोणाचं शिक्षण बाकी आहे?

तिन्ही ओळींना पक्कं उत्तर असेल तर निर्णय तुझा. नसेल तर तेच डाऊन पेमेंट घेऊन माझ्या दुकानात ये. दोन महिने वाइंडिंग शीक, पगार देतो. मग तुझ्या गावात छोटा गाळा घे.

आणि बाकीच्यांसाठी हाच गृहपाठ आहे. तुम्ही जो धंदा ठरवलाय, त्यातला मुख्य माल कुठून खोदून येतो ते शोधा. तो दुप्पट महाग झाला किंवा वर्षभर मिळालाच नाही तर तुमच्याकडे विकायला काय उरतं, ते लिहा. ज्याच्याकडे हुनर उरतं, त्याचं दुकान उघडं राहतं.

मामा आता साठीला आलेत. दर शनिवारी आमच्या दुकानात येऊन बसतात आणि बेअरिंग बदलतात. हात अजून पक्का आहे. गाडीचं इंजिन स्वतः उघडणारा माणूस, त्याला मोटर काय अवघड? परवा म्हणाले, "ह्या आदीच शिकलो असतंय तर."

तुम्ही आधीच शिका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.